बारा काप

काच फुटल्याचा आवाज आला तेव्हाही पातेबाईंनी चाक थांबवले नाही. काप अर्धवट होता. अर्ध्यात हात थांबला की मेणाची पट्टी सुरकुतते आणि मग ती फेकूनच द्यावी लागते. त्यांनी फेरा पूर्ण केला, पट्टी ब्रशच्या टोकाने सोडवली आणि मगच मान वळवली.

नमुने स्वीकारायच्या खिडकीची काच लादीवर पसरली होती आणि त्या खिडकीतून एक माणूस आत चढत होता. काचेने त्याचा कोपर फाटला होता, पण त्याला त्याचे भान नव्हते. त्याच्या उजव्या हातात गाडीच्या चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना होता.

"रिपोर्ट कुठाय?" तो ओरडला. "माझ्या भावाचा रिपोर्ट कुठाय?"

त्याला सगळे ओळखत होते. गेले तीन दिवस तो प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून होता. त्याचे गॅरेज होते. काळ्या पडलेल्या नखांचा, चाळिशीचा दणकट माणूस. चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर, वॉर्ड नंबर चारमध्ये होता. भाऊ भिंती रंगवायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मानेत वाटाण्याएवढी गाठ आली. दुसऱ्या एका दवाखान्यात सुई घालून पाहिले आणि साधी जंतूंची सूज म्हणून गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत वाटाण्याचे लिंबू झाले. मग ताप यायला लागला, झोपेत अंथरूण भिजेल एवढा घाम यायला लागला, पँट कमरेवर राहीना. इथे आणला तेव्हा गाठ मुठीएवढी होती आणि पोटातही एक लागत होती. इथल्या डॉक्टरांनी जाड सुईने तुकडा काढला, तो चिरडून आला. त्यावरून नक्की काही सांगता येईना. मग मान उघडून गाठ काढायला घेतली. पण गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती, त्यामुळे बोटाच्या पेराएवढाच तुकडा हाती लागला. त्या तुकड्याचा मेणात बसवून एक ब्लॉक झाला. एकच.

तो ब्लॉक या क्षणी पातेबाईंच्या मायक्रोटोममध्ये, म्हणजे काप काढायच्या यंत्रात होता.

प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षे काप काढत होत्या. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्राच्या पात्यावर तिचे केसापेक्षाही पातळ काप घ्यायचे, काप काचपट्टीवर चढवायचे आणि रंग देऊन मॅडमपुढे ठेवायचे, हे त्यांचे काम. त्यांच्याइतका सलग काप दुसऱ्या कोणाला येत नसे, म्हणून कुणीतरी कधीतरी त्यांना पातेबाई म्हणायला लागले होते. नवीन माणसांना ते त्यांचे आडनाव वाटे. एकदा पगारपत्रकावरही तेच छापून आले आणि बाईंनी ते सहा महिने तसेच चालू दिले होते.

"तुम्ही आधी तो पाना खाली ठेवा." मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. प्रयोगशाळेच्या डॉक्टर त्याच. चष्मा डोक्यावर, आवाज शांत. "आपण बसून बोलू."

"तीन दिवस बसलोच आहे! एकदा सुई घातली, मग मोठी सुई घातली, मग गळा चिरला त्याचा. आता म्हणता अजून चार दिवस. सकाळपासून त्याला लघवी नाही. पोट टम्म झालंय. वरचे म्हणतात प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही, खालचे म्हणतात थांबा. मरायची वाट बघताय का त्याच्या?"

"तसं नाही—"

पाना रंगाच्या बरण्यांवर बसला. एका ओळीत मांडलेल्या बारा बरण्या. पहिल्या फटक्यात पाच गेल्या, दुसऱ्यात उरलेल्या. जांभळा आणि गुलाबी रंग भिंतीवर उडाला आणि खाली लादीवर मिसळला. झायलीनचा, त्या चटकन पेटणाऱ्या द्रावणाचा वास डोळ्यांत चढला. धाकटी किंचाळली, "आग लागेल! वॉटरबाथ चालू आहे!" धाकटी म्हणजे दुसरी टेक्निशियन. बत्तीस वर्षांची, पण बाईंच्या हाताखाली शिकलेली म्हणून धाकटी. तिने झेप घेऊन भिंतीवरचे बटण बंद केले आणि टेबलाखाली शिरली. तेवढ्यात बर्फाचा ट्रे तिच्या डोक्यावरून उडाला. त्यातले चाळीस ब्लॉक, चाळीस माणसांचे तुकडे, खोलीभर विखुरले. तो त्यांच्यावरून चालत आला. मेण बुटाखाली चुरडल्याचा आवाज पातेबाईंना स्पष्ट ऐकू आला.

त्या उठल्या नाहीत. त्यांनी उजवा तळवा यंत्रातल्या ब्लॉकवर ठेवला.

"दादा, थांबा. हा तुमच्या भावाचाच आहे. आत्ताच कापतेय मी. हाच आहे."

"खोटं!"

"देवाशप्पथ. नंबर बघा, हा बघा—"

त्याने नंबर पाहिला नाही. डाव्या हाताने त्यांचा खांदा धरला आणि मागे खेचला. त्या अठ्ठावन्न किलोच्या, छप्पन्न वर्षांच्या, स्टुलासकट गेल्या. पण हात मागे राहिला. हात ब्लॉकवरून घसरला आणि पात्यावरून आडवा ओढला गेला.

दुखले नाही. त्या पात्याने लागलेले पहिल्या क्षणी कधीच दुखत नाही. तळव्याचे मांस पांढरे उघडे दिसले आणि मग ते पांढरे लाल झाले. त्याच वेळी पाना यंत्रावर आदळला. ब्लॉक चिमट्यातून फुटून उडाला. पुढचा फटका यंत्रासाठीच असावा. नेम त्याचा नव्हताच कुठे. पण तो त्यांच्या मनगटावर बसला, आणि हा मात्र दुखला. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला, आणि पाठोपाठ स्वतःच्या तोंडून निघालेला आवाजही, जो त्यांनी बाळंतपणानंतर ऐकलेला नव्हता.

पाना हातात तसाच धरून तो थबकला. रक्त पाहिले, बाईंकडे पाहिले. चेहरा एकदम पोरका झाला. "मी..." तो म्हणाला. दार उघडून चार-पाच जण आत घुसले होते. सुरक्षा रक्षक, लिफ्टवाला, वॉर्डातले दोन कर्मचारी. त्यांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढला. कॉरिडॉरमध्ये त्याला खाली पाडले आणि मग लाथा सुरू झाल्या. पातेबाई लादीवर बसल्या होत्या, धाकटीने एप्रनने त्यांचा हात घट्ट आवळला होता, आणि दोघींना बाहेरचे सगळे ऐकू येत होते. धपधप. कोणीतरी म्हणत होते, "बाईवर हात टाकतोस? हात मोडा रे त्याचे." तो ओरडत नव्हता. फक्त प्रत्येक लाथेला त्याच्या छातीतून हवा निघाल्याचा हुंकार येत होता.

"बास करा म्हणावं त्यांना," पातेबाई म्हणाल्या. "मरेल तो."

"मरू दे," धाकटी रडत म्हणाली.

मॅडम बाहेर गेल्या आणि मग लाथा थांबल्या. पोलिसांनी त्याला नेले तेव्हा तो उघड्या दारासमोरून गेला. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, पुढचे दोन दात नाहीत. त्याने आत पाहिले. बाईंनीही त्याच्याकडे पाहिले. त्यांना त्या वेळी त्याची दया आली नाही. राग आला.

हाताच्या सर्जनने अपघात विभागातच हात पाहिला. मनगटाचे हाड मोडले होते. त्याहून वाईट म्हणजे तळव्याच्या कापाने तीन बोटांच्या कंडरा तोडल्या होत्या. "कंडरा म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या," तो म्हणाला. "आता त्यांची टोकं आत सरकलीत. शोधून जोडायची. एक वाजता थिएटर रिकामं होतंय, तुम्ही पहिल्या."

त्यांना सुई दिली, हात जाड पट्टीत गुंडाळून गळ्यात अडकवला. धाकटी शेजारी उभी होती. तिच्या एप्रनवर बाईंचे रक्त वाळत होते.

"ब्लॉक सापडला?" बाईंनी विचारले.

"कुठला?"

"त्याच्या भावाचा गं."

धाकटीने मान खाली घातली. "अर्धा सापडला. बाकीचा चुरा झालाय, त्यात काचा आहेत. पण बाई, आज काही होणार नाही. जाडेभाऊंनी काम बंद केलंय."

जाडेभाऊ रक्त तपासणीचे टेक्निशियन आणि कर्मचारी संघटनेचे सचिव. वीस वर्षे बाईंसोबत एकाच किटलीतला चहा प्यालेला माणूस. पातेबाई खाटेवरून उतरल्या. सर्जन मागून हाका मारत राहिला.

प्रयोगशाळेच्या दाराला साखळी लावून जाडेभाऊ उभे होते. आजूबाजूला पंधरा-वीस जण. आत फरशी अजून तशीच होती, गुलाबी आणि लाल.

"बाई, तुम्ही इथे कशाला?" जाडेभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. "आज एक नमुना हलणार नाही. उद्याही नाही. आणि त्या हलकटाच्या भावाचा तर मुळीच नाही. बघू दे त्याला, मार खाऊन आम्ही कसं काम करतो ते."

त्यांच्या मुठीत काहीतरी होते. बाईंनी ते पाहिले. पिवळट प्लास्टिकची चौकट, तिला चिकटलेले अर्धे मेण.

"भाऊ, तो इकडे द्या."

"कचऱ्यात जाणारे हा."

"भाऊ."

"तुमचा हात गेला, बाई! कळतंय का तुम्हाला? हात गेला तुमचा! आणि त्याच्या भावासाठी तुम्ही—"

"त्याच्या भावासाठी कोण करतंय?" त्या ओरडल्या. एकतीस वर्षांत त्या या कॉरिडॉरमध्ये ओरडल्या नव्हत्या. "तो तुकडा माझ्याकडे दिलाय. वहीत माझी सही आहे. तुमच्याकडे दिलेला नाही तो. आणा इकडे!"

जाडेभाऊंनी मूठ मागे घेतली. बाई पुढे गेल्या, डाव्या हाताने त्यांचे मनगट पकडले आणि बोटांवर नखे रोवली. जाडेभाऊ त्यांच्या दुप्पट होते. ते नुसते हात झटकते तरी त्या पडल्या असत्या. त्यांनी झटकला नाही. नखांनी कातडी फाटली, रक्ताचे दोन ठिपके आले, तेव्हा त्यांनी मूठ उघडली.

"काढा साखळी," ते मागच्यांना म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मॅडमनी अर्धा ब्लॉक भिंगाखाली धरला. "तुकडा अगदीच थोडा उरलाय. मला एक साधी स्लाइड लागेल, दहा मार्करसाठी, म्हणजे पेशींची जात ओळखणाऱ्या रंगांसाठी दहा आणि एक हाताशी. बारा काप. एकही कमी नाही." मग बाईंकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही ऑपरेशनला जा. धाकटी काढेल."

"मी असा कधी काढला नाहीये," धाकटी म्हणाली. "एवढासा. दोन कापांत संपवीन मी तो."

खाली थिएटरमधून फोन आला. बाईंनीच डाव्या हाताने घेतला. "पुढच्याला घ्या आधी. मी येते."

"वेळ जाईल तशा त्या दोऱ्या आखडतात, बाई," सर्जन चिडून म्हणाला. "किती वेळ?"

"थोडाच."

थोडा वेळ म्हणजे दोन तास लागले. मेण वितळवून तुकडा सोडवला. त्यात एक काचेचे कुसळ निघाले; ते पात्याला लागले असते तर सगळाच तुकडा फाटला असता. तुकडा साच्यात पुन्हा बसवताना सपाट बसणे महत्त्वाचे होते. वाकडा बसला तर सरळ करण्यातच निम्मा वाया जातो. बाईंनी धाकटीला चिमटा कसा धरायचा ते शब्दांनी सांगितले, आणि शब्द पुरेनात तेव्हा तिच्या पाठीवर बोटाने दाबून सांगितले, एवढाच जोर, एवढाच. ब्लॉक बर्फावर थंड झाला. नेहमीचे यंत्र मोडले होते. कोपऱ्यात झाकून ठेवलेले त्याहून जुने बाहेर काढले.

धाकटी चाकाशी बसली. बाई डाव्या बाजूला, डाव्या हातात ब्रश घेऊन.

"फेरा घेताना श्वास धरू नकोस. सोड. हात आपोआप हलका होतो."

पहिले दोन काप फुकट गेले. एक मधोमध फाटला, दुसरा पात्याला चिकटून गोळा झाला. धाकटीने हात चाकावरून काढला.

"चुकलं तर तो मरेल ना?"

"तुझ्यामुळे नाही मरणार. चल, घे फेरा."

मग मोजायचा पहिला आला. धुरासारखा पातळ, सलग. बाईंनी तो ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडला, तो पसरला, धाकटीने काचपट्टीवर घेतला. मग दुसरा, तिसरा. बाईंचा डावा हात कधी ब्रशला लागलेला नव्हता. सहाव्याला तो हलला आणि कापाची घडी पडली. त्यांनी ती पाण्यावर, ब्रशच्या दोन केसांच्या टोकांनी, उलगडली. एवढ्याला त्यांना घाम फुटला. उजव्या हाताच्या पट्टीतून रक्त झिरपून टेबलावर पडायला लागले होते. मॅडमनी खाली कापसाचा बोळा सरकवला. दहाव्या कापाला तुकड्याचा कडेचा भाग मेणासारखाच पारदर्शक व्हायला लागला. अकराव्याला मधे नखाएवढाच उरला.

"आता?"

"आता शेवटचा. घाई नको."

बारावा काप आला तेव्हा ब्लॉकमध्ये नुसते मेण उरले. धाकटीने चाकाची खीळ लावली आणि टेबलावर डोके टेकले. बाई उठायला गेल्या, आणि भिंत एकदम जवळ आली, एवढेच त्यांना आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्त्रियांच्या वॉर्डात होत्या. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, फक्त बोटांची टोके बाहेर. नवरा डबा आणायला घरी गेला होता. जाताना तो खाटेची कड मुठीत आवळून म्हणाला होता, "तुला वेड लागलंय का गं? दोन तास! त्या डॉक्टरला मी विचारलं, दोन तासांनी काय फरक पडला. तो म्हणतो, सांगता येत नाही." बाईंनाही ते कधीच कळणार नव्हते.

डोळे उघडले तेव्हा पायथ्याशी एक बाई उभी होती. साठीची, विटलेल्या साडीतली, हातात काही नाही. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"कोण पाहिजे?"

"मी त्या दोघांची आई," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकायला लागली.

"बसा," पातेबाई म्हणाल्या.

ती बसली नाही. "मोठ्याला पोलिसांनी अजून मारलंय. कानातून रक्त येतंय त्याच्या. लहान्याला तीन वेळा त्या रक्त धुवायच्या मशीनवर लावायचं म्हणतात. मी कुठे जाऊ ते मला कळत नाही. इकडे आले."

तेवढ्यात मॅडम आल्या. हातात कागद होता. खाटेजवळच्या म्हाताऱ्या बाईला पाहून थांबल्या, आणि ती कोण हे कळल्यावर त्यांचा जबडा आवळला. पण त्यांनी कागद लपवला नाही.

"दोघींना एकदमच सांगते मग. रिपोर्ट लागला. सगळे काप चांगले रंगले."

"काय झालंय त्याला?" आईने विचारले. "सगळे कॅन्सर कॅन्सर म्हणतात. मग एवढे दिवस काय शोधत होतात?"

मॅडमनी स्टूल ओढले. "आजी, तुमच्या मुलाच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या एका जातीला बी पेशी म्हणतात. त्या बिघडल्या की गाठी येतात. त्याला लिम्फोमा म्हणतात. पण तो एक आजार नाही, पुष्कळ आहेत. बाहेरून गाठ बघून सगळे सारखेच वाटतात. काही इतके संथ असतात की माणूस दहा-दहा वर्षं गाठ घेऊन फिरतो, आम्ही औषधही देत नाही, नुसतं लक्ष ठेवतो. काही वेगाने वाढतात, त्यांचं औषध वेगळं. आणि एक असा आहे की तो दोन दिवसांत दुप्पट होतो. त्याला नेहमीचं औषध दिलं तर माणूस हातचा जातो, आणि त्याचं कडक औषध दुसऱ्याला दिलं तर उगाच मरणयातना. म्हणून थांबलो होतो आम्ही. गंमत म्हणून नाही."

"मग याचा कुठला?"

"तो शेवटचा. बर्किट म्हणतात. वेगाची एक खूण असते, वाढणाऱ्या पेशी तपकिरी दिसतात. तुमच्या मुलाच्या शंभरातल्या शंभर तपकिरी आहेत." त्यांनी बाईंकडे पाहिले. "पण नीट औषध लगेच मिळालं तर हाच पूर्ण बरा होऊ शकतो. वरती कळवलंय. औषध लागलं तासाभरापूर्वी."

आईने तोंडावर पदर घेतला. मग ती पुढे आली आणि खाटेच्या लोखंडी कडेवर तिने हात ठेवला, पातेबाईंच्या प्लास्टरपासून वीतभर अंतरावर.

"बाई, एक मागते. मोठ्यावरची तक्रार मागे घ्या. बाप गेल्यावर त्यानेच वाढवलाय लहान्याला. वाईट नाहीये तो. डोकं फिरलं त्याचं."

पातेबाईंनी छताकडे पाहिले. बोटे हलवून पाहिली. अंगठा हलला. तर्जनी थोडी हलली. बाकीची तिन्ही दुसऱ्या कोणाची असावीत तशी पडून होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच वाचवलात ना त्याच्या भावाला? मग—"

"ते माझं काम होतं. हे माझं काम नाही." "माझी धाकटी रात्री किंचाळून उठली म्हणे. ह्या मॅडम आहेत ना, ह्यांना तुमच्या मुलाने पुढचा फटका घातला असता. नाही घेणार मी मागे. पण जास्तीचंही सांगणार नाही. आपल्या लोकांनी त्याला पाडून मारलं, तेही सांगेन."

आई जिन्याकडे वळली. वर जायचे की खाली, हे तिला क्षणभर ठरवता आले नाही, आणि मग ती वर गेली.

पुढचे आठ महिने दोन माणसांना सारखेच वाईट गेले. वॉर्ड चारमधल्या पोराच्या गाठी पहिल्याच औषधाने एवढ्या झपाट्याने विरघळल्या की तो कचरा मूत्रपिंडांना पेलवेना. अकरा दिवस तो मशीनवर होता. तोंडात फोड आले, केस उशीवर राहिले, एकदा ताप डोक्यात चढून त्याने नर्सच्या कानशिलात मारली आणि शुद्धीवर आल्यावर रडला. हे सगळे धाकटी येऊन सांगायची. बाई विचारत नसत, पण ऐकून घेत. त्यांच्या हाताची दोन ऑपरेशने झाली. रोज सकाळी व्यायाम घेणारी मुलगी त्यांची बोटे एकेक करून वाकवायची आणि त्या ओठ चावून बसायच्या. नवरा बाहेर जाऊन उभा राहायचा. मधले बोट थोडे वाकायला लागले. शेवटची दोन वाकलीच नाहीत, आणि त्यांच्या टोकांना गरम-गार कळेनासे झाले. एकदा त्या हाताने त्यांनी तापलेला तवा धरला आणि वास आला तेव्हा सोडला.

कामावर परत गेल्या त्या दिवशी त्या यंत्राशी बसल्या. कोणी नसताना. कोरे मेण लावले आणि चाक फिरवले. काप आला, जाडाभरडा, तिरका. दुसरा तसाच. उजव्या बोटांना पट्टी कळत नव्हती. त्यांनी पात्यावरचे आवरण खाली ओढले, यंत्र पुसले, कापड घातले, आणि मॅडमच्या खोलीत जाऊन खिडकीवरचे काम मागून घेतले. नमुने घ्यायचे, नंबर घालायचे, वहीत चढवायचे. जाडेभाऊंनी खिडकीला जाड जाळी बसवून घेतली होती.

एका सकाळी त्या जाळीसमोर एक तरुण येऊन उभा राहिला. डोक्यावर पिलासारखी लव, गालांची हाडे वर आलेली, मानेत आडवा व्रण. त्याने कागद आत सरकवला. "डॉक्टरांनी तपासणीसाठी स्लाइड मागितल्यात. जुन्या."

बाईंनी नंबर पाहिला. वर पाहिले. तोही त्यांच्याकडेच पाहत होता, आणि मग त्याची नजर खाली टेबलावर, वहीशेजारी ठेवलेल्या हाताकडे गेली. बाईंनी हात मागे घेतला नाही.

"आई येणार होती," तो म्हणाला. "जिन्यापर्यंत आली. पुढे नाही म्हणाली."

"कसं वाटतं आता?"

"भूक लागते." तो थोडा हसला. "शिडीवर चढलो परवा. दोन पायऱ्या."

त्यांनी कपाटातून स्लाइडची डबी काढून आणली. बारा काचा, बारा तपकिरी-जांभळे ठिपके. त्याने एक उजेडाकडे धरून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मंगळवारी कोर्टात तारीख आहे," तो काचेकडे बघतच म्हणाला. "दादाची. तुम्ही येणार?"

"हो."

"तो एका कानानं ऐकत नाही आता. मोठ्यानं बोलायला लागतं." त्याने काच डबीत ठेवली. "तुम्ही झालं ते सगळं सांगा. आईचं ऐकून कमी सांगू नका. मी त्यालाही सांगितलंय तसं."

"मग तो काय म्हणाला?"

"मान डोलावली."

मागे ओळ लागली होती. एक बाई फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्याची बरणी छातीशी धरून उभी होती, तिच्यामागे दोघे-तिघे. तरुण बाजूला सरकला. जाताना त्याने नुसती मान खाली घातली, आणि डबी दोन्ही हातांत धरून जिन्याकडे गेला. जिना तो एकेका पायरीवर थांबत उतरला.

"नाव?" पातेबाईंनी बरणीवाल्या बाईला विचारले.

तिने सांगितले. बाईंनी बरणी उजव्या मनगटाखाली दाबून धरली, डाव्या हातात पेन घेतले आणि चिठ्ठीवर नाव लिहायला घेतले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे मोठे आणि वाकडे येत होते. प्रत्येक काना त्या थांबून ओढत होत्या. ओळीतला एक माणूस घड्याळ पाहायला गेला आणि त्याने हात खाली घेतला.